धाकटीच्या लग्नाचे फोटो

माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा एकही फोटो नाही. पत्रक आहे. फिकट पिवळ्या कागदाचं, एका बाजूला छापलेलं, घड्यांवर फाटलेलं. त्यात वधूवरांनी घेतलेल्या शपथा आहेत, हुंडा घेतला-दिला नसल्याचं निवेदन आहे, आणि तळाशी ‘बँड, वरात, छायाचित्रण इत्यादी अनावश्यक खर्चांना या विवाहात फाटा देण्यात आला आहे’ अशी ओळ आहे. ती ओळ अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः जुळवली होती. शिवाजी पेठेतल्या एका छापखान्यात ते तेव्हा अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुढं दोन गल्ल्या सोडून त्यांनी स्वतःचा लहानसा छापखाना काढला. बिलबुकं, लग्नपत्रिका यांवर घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं निघायची.

ती पत्रकं आम्ही दोघी बहिणी घडी घालून द्यायचो. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि गठ्ठ्यासमोर बसायचं. कागद दुमडायचा, बांगडीच्या कडेनं घडी दाबायची, बाजूला ठेवायचा. इतर मुलं गोष्टींतून वाचायला शिकली, मी मागण्यांतून शिकले. दारूबंदी, हुंडा, पंचगंगेचं पाणी, भोंदू बाबा. अजूनही मी बोलायला लागले की आधी परिस्थिती, मग मागण्या आणि शेवटी आवाहन, असंच तोंडातून येतं. धाकटी माझ्यापेक्षा भरभर घड्या घालायची, पण घडी घालताना तिनं कधी एक ओळही वाचली नाही. तिचं लक्ष शेजारच्या काकूंकडं असायचं. त्यांच्याकडं लग्नाचा अल्बम होता, मखमली पुठ्ठ्याचा. तो बघायला आई आणि धाकटी दोघी जायच्या.

एकदा तिथून आल्यावर धाकटीनं आईला विचारलं, “आई, तू नवरी झालतीस तवा कशी दिसत हुतीस?”

“तुझ्यासारखीच.”

“मग दाखव की.”

आईनं ट्रंकेतून पत्रक काढून दिलं. धाकटीनं ते हातात घेतलं, मग उलटं करून मागची बाजू पाहिली. मागं कोरं होतं.

तिचं लग्न ठरलं तेव्हा ती आठवण फक्त माझ्याच डोक्यात राहिली आहे असं मला वाटायचं. मुलगा कागलचा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. माणसं चांगली, देण्याघेण्याचा शब्द निघाला नाही. अण्णांनी शपथांचा मसुदा काढला. बँड नको, वरात नको, आहेर नको. धाकटी सगळ्याला मान हलवत गेली. शेवटी म्हणाली, “लग्न तुमच्या पद्धतीनं करा. फोटो मात्र माझ्या पद्धतीनं.”

मी तोंड उघडलं, तर तिनं माझ्याकडं बोट केलं. “आक्का, तू गप्प. मला एक फोटो पायजे. नवरीचा. त्यात मी चांगलीच दिसली पायजे. माझ्या पोरीनं इचारलं तर मी पत्रक न्हाय दाखवणार.”

अण्णा चष्मा पुसत राहिले. आईनं त्या वेळी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते जरा जोरातच ठेवलं. फोटो ठरला.

तेव्हापासून धाकटी तयारीला लागली. मी हसायचे. ती रोज पाण्याच्या बाटल्या मोजून पीत होती, लवकर झोपत होती, स्कूटीवर जाताना नुसते डोळे दिसतील इतकी ओढणी गुंडाळत होती. आरशासमोर मान कलवून बघायची. डाव्या बाजूनं हसली की बरी दिसते, उजव्या बाजूनं दात पुढं येतात, हे तिनं शोधून काढलं होतं. आणि तिचा चेहरा खरोखर उजळत चालला होता. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, लग्नाचं तेज चढलंय पोरीला. एका सकाळी मी स्वतः म्हणाले, “छान दिसतेस गं.” हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे, कारण पुढं मी जे केलं त्यात हे वाक्य विसरल्यासारखं केलं.

लग्नाला महिना राहिला असेल. आरशामागच्या फटीत मला ट्यूब सापडली. गोरं करणाऱ्या मलईची, पार्लरमधल्या बाईंनी दिलेली; चारेक महिने धाकटी ती रोज लावत होती. मी ती खिडकीत नेऊन बारीक अक्षरं वाचली. त्यात स्टिरॉइड होतं. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय वापरू नये असंही त्यातच लिहिलं होतं, पण इतकं बारीक की ते वाचायला माझ्यासारखी पत्रकं वाचून डोळे घासलेली बाई पाहिजे. त्या वेळी मी गोरेपणाच्या बाजाराविरुद्ध एक पत्रक लिहीत होते. विषय माझ्याच घरात, माझ्याच आरशामागं निघाला होता. मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला.

धाकटीला हाक मारली. तिच्यासमोर कात्रीनं ट्यूबचं बूड कापलं आणि सगळी मलई मोरीत पिळून टाकली. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, “आक्का, चार आठवडं राह्यल्यात. नंतर बंद करतो मी. शपथ.”

“हे विष आहे.”

“मला म्हाईत न्हाय काय? कायतरी असणारच की त्यात. पण फोटो होऊ दे.”

मी तिला बसवलं आणि पाऊण तास बोलले. आपला रंग, आपली माती, बाजार कसा आधी कमीपणा विकतो आणि मग त्यावर औषध विकतो. मी चांगलं बोलते. अण्णा दारात उभं राहून ऐकत होते, त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. शेवटी धाकटीनं हात टेकले. “बरं. न्हाय लावत. खरंच न्हाय लावत. तू आता गप बस.”

त्या दुपारीच मी पत्रकाची शेवटची ओळ लिहिली: ‘आमच्या ओळखीच्या एका मुलीने लग्नाच्या तोंडावर ही ट्यूब फेकून दिली, आज ती मोकळ्या चेहऱ्याने हसते आहे.’ अण्णांनी मजकूर छपाईला घेतला.

सहाव्या दिवशी तिचे गाल लाल झाले. आधी वाटलं, ऊन लागलं. आठव्या दिवशी कपाळापासून हनुवटीपर्यंत आग, बारीक पुरळ, नाकाच्या कडेनं साल निघायला लागली. हसली तर कातडी ताणून दुखायची, म्हणून ती हसायची बंद झाली. आईनं कोरफड आणली, ती लावल्यावर पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मी तिला स्कूटीवर मागं बसवून राजारामपुरीतल्या कातडीच्या डॉक्टरबाईंकडं नेलं.

डॉक्टरबाईंनी चेहरा दिव्याखाली धरून पाहिला. “काय लावत होतात?”

धाकटीनं ट्यूबचं नाव सांगितलं.

“बंद कधी केलं?”

“आठ दिस झालं.”

“कुणी सांगितलं असं एकदम बंद करायला?”

धाकटी माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. “मीच केलं,” ती म्हणाली.

“बंद करायलाच हवं होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण इतके महिने लावल्यावर असं एका दिवसात नाही. आधी इकडं यायचं. आम्ही हळूहळू सोडवतो. आता कातडी उलटली आहे.”

मी विचारलं, “लग्नापर्यंत जाईल?”

“लग्न कधी आहे?”

“वीस दिवस.”

त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली होती, ती थांबवून त्या धाकटीशी बोलल्या, माझ्याशी नाही. “कमी होईल. जाईल असं मी सांगणार नाही. आता एकच करायचं, काही करायचं नाही. फेशियल नाही, ब्लीच नाही, बेसन नाही, लिंबू नाही, हळदसुद्धा नाही. साध्या पाण्यानं धुवायचं, मी देते ते लावायचं, उन्हात जायचं नाही. आणि कुणी काही सुचवलं तर ऐकायचं नाही.”

बाहेर आल्यावर मी स्कूटीला किल्ली लावली. धाकटी मागं बसली, ओढणी गुंडाळली आणि म्हणाली, “चल. ऊन व्हायलंय.”

घरी आलो तर पत्रकं छापून आली होती. मधल्या खोलीत सुतळीनं बांधलेला गठ्ठा. आमच्या घरात गठ्ठा आला की कुणी सांगावं लागत नाही, जो मोकळा असेल तो घड्या घालायला बसतो. मी आत पाणी प्यायला गेले आणि परत आले तोवर धाकटी बसली होती. कागद दुमडायचा, बांगडीनं दाबायचं, बाजूला ठेवायचा. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पत्रक वाचायला घेतलं. वरपासून खालपर्यंत वाचलं.

“आक्का, ही मुलगी कोण?”

मी सुटलेली सुतळी गुंडाळायला घेतली.

“मोकळ्या चेहऱ्यानं म्हंजे कसं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं त्या पत्रकाची घडी घातली, बांगडीनं दाबली, पुढचं उचललं. गठ्ठा अर्धा होईपर्यंत ती थांबली नाही. मग मीच जाऊन तिच्या हातातून कागद काढून घेतले आणि सगळा ढीग ट्रंकेत नेऊन कोंबला.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. मला प्रश्नाला उत्तर देण्याची सवय आहे, आणि इथं उत्तर देऊन झालेलं होतं. मी फ्रिजमध्ये ओले रुमाल ठेवायचे आणि दर दोन तासांनी बदलून द्यायचे. तेवढंच मला करता येत होतं. ज्या गोष्टींना मी हसले होते त्या मी फोनवर वाचू लागले: नवरीनं फोटोसाठी काय करावं. सगळे लेख सहा महिने आधीपासून सुरू व्हायचे. आणि प्रत्येकात, कुठंतरी मध्येच, एक साधं वाक्य असायचंच: शेवटच्या महिन्यात चेहऱ्यावर नवीन काही सुरू करू नका, चालू असलेलं मनानं काही बदलू नका. ज्या बायकांना मी बाजाराच्या बाहुल्या म्हणत होते, त्यांना ते ठाऊक होतं.

लग्नाच्या दहा दिवस आधी धाकटी म्हणाली, फोटोवाल्याकडं जाऊन येऊ. त्याचा स्टुडिओ तालमीजवळ, जिन्यानं वर. माणूस साठीकडं झुकलेला, मोठ्या आवाजाचा. धाकटीनं ओढणी सोडली. त्यानं बघितलं, आणि बरं वाटावं असं तोंड वगैरे काही केलं नाही.

“काय लावलंस, पावणं?”

“लावलं न्हाय. सोडलं.”

“हां. त्या ट्यूबा. ह्या महिन्यातली तू तिसरी. घाबरू नको, कॉम्प्युटरवर मी करतो की सगळं साफ.” त्यानं आम्हाला पडद्यावर एक नवरी दाखवली. आधीचा फोटो आणि नंतरचा. आधीच्यात एक सावळी, कपाळावर घाम आलेली पोरगी होती. नंतरच्यात खडूसारखा पांढरा चेहरा आणि त्यात काढून बसवल्यासारखे डोळे.

धाकटी बराच वेळ बघत होती. “ही ती न्हायच.”

“कुणीच ती नसत्या, बाई. न्हेताना सगळी खूश असत्यात.”

“आन् न करता? असं आहे तसं, पण बरं दिसायला काय करायचं?”

त्यानं माउस सोडला. हा प्रश्न त्याला बहुतेक फारसा कुणी विचारत नसावा. खुर्ची फिरवून तो बोलायला लागला, आणि मी माझ्या वहीत लिहून घेतलं. वहीच्या आधीच्या पानांवर सभेतल्या भाषणाचे मुद्दे होते.

तो म्हणाला, मंडपाचं कापड लाल-पिवळं असलं की ते सगळं तोंडावर उतरतं, आधीच लाली आहे, अजून भडकेल. तर नवरी बसते तिथं तरी वर पांढरं कापड लावून घ्या. फोटो सकाळी काढू, दुपारचं ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली खड्डे दिसतात. चेहऱ्यावर चकाकणारं काही नको. उन्हासाठी जे पांढरं लावतात ते लावून फ्लॅशपुढं आलं तर पिठात बुडवल्यागत दिसतं, म्हणून फ्लॅश मी मारणारच नाही. हिरवी साडी नको, हिरव्याशेजारी लाल जास्त उठतं. आणि कॅमेऱ्याकडं बघू नको. “कॅमेऱ्याकडं बघितलंस की तुला तुझं तोंड आठवतंय. मानसाकडं बघ. जे मानूस बघून तुला बरं वाटतंय तेच्याकडं.”

“आन् तुम्ही काय मुंडी खाली घाल म्हणाला न्हाईसा,” धाकटी म्हणाली.

“नवरी हायस की गुन्हेगार?”

ती हसली, आणि दुखलं म्हणून तिनं गालाला हात लावला.

आम्ही त्यातलं जमेल तेवढं केलं. साडी सासरहून आलेली होती, लालभडक शालू; तो नको म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं. मंडपवाला म्हणाला, “लग्नात पांढरं कापड? ताई, कार्य कसलं हाय नक्की?” शेवटी त्यानं एका बाजूला लावायचं कबूल केलं. मेकअपवाल्या बाईंनी चेहरा बघून हात जोडले, मी नाही जबाबदारी घेणार. डॉक्टरबाई काजळाला आणि ओठांच्या रंगाला हो म्हणाल्या, बाकी नाही. लाली थोडी उतरली होती, पुरळ सुकत होतं, पण गालांवर दोन्हीकडं तांबडे चट्टे स्पष्ट होते. रोज सकाळी ती आरशासमोर उभी राहायची आणि मला न वळता विचारायची, “कालच्यापेक्षा?” मी म्हणायचे, “कमी आहे.” कधी खरं असायचं, कधी नसायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमची मावशी गावाहून हळदीची वाटी घेऊनच आली. लग्नात हळद नाही असं अण्णांनी लिहिलं होतं. मावशीनं पत्रक कधी वाचलं नव्हतं. “हळदीबिगर नवरी हुत्या व्हय?” म्हणत ती पुढं झाली. मी दारात उभी राहिले. “मावशी, तिला लावायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तसंही ही प्रथा…” माझं नेहमीचं सुरू झालं.

मावशीनं मला मध्येच थांबवलं. “तू नगो सांगू. पोरीचं तोंड कुणी जाळलं ते गल्लीला ठावं हाय.”

खोलीत पाच-सहा बायका होत्या, सगळ्या एकदम साड्यांचे पदर सारखे करायला लागल्या. आई स्वयंपाकघरातून आली, तिनं मावशीच्या हातातून वाटी घेतली, धाकटीच्या समोर खाली बसली आणि तिच्या पायांना हळद लावली. दोन्ही पायांना, मग हातांना, कोपरापर्यंत. “झालं,” आई म्हणाली. “तोंड सोडून बाकी नवरीच हाय की ती.” मग बायका पुढं आल्या आणि सगळ्यांनी पायांनाच लावली. धाकटी पाय पुढं करून बसली होती. गुदगुल्या होतात म्हणून ती बोटं आखडून घेत होती.

लग्नाच्या सकाळी फोटोवाल्यानं मंडपात पाऊल टाकलं आणि वर बघून कपाळावर हात मारला. पांढरं कापड भलत्याच बाजूला लावलं होतं. लाल-पिवळ्या कापडातून ऊन गाळून येत होतं आणि धाकटी शालूसकट अंगाराखाली बसल्यासारखी दिसत होती. “कायतरी पांढरं आणा,” तो म्हणाला, “मोठं. खालनं धरायला.” चादर बघितली, ती फुलाफुलांची निघाली. अण्णा न बोलता स्कूटर काढून छापखान्यात गेले आणि कागदाचा एक मोठा ताव घेऊन आले, कापायच्या आधीचा, दोन्ही बाजूंनी कोरा. पुठ्ठ्यावर टाचण्या मारून तो लावला.

“ताई, तुम्ही धरा,” फोटोवाला मला म्हणाला. “गुडघ्यावर बसा, नवरीच्या फुडं, तुम्ही दिसणार न्हाईसा असा कॅमेरा धरतो मी. पुठ्ठा तिच्या तोंडाकडं कलता ठेवा. हालू नका.”

मी बसले. पुठ्ठा कलता केला तसा तिच्या हनुवटीखाली उजेड चढला आणि गालांवरची तांबूस छटा जरा मऊ झाली. थोडीच. अण्णांनी शपथा वाचायला घेतल्या, त्या दोघांनी मागून म्हटल्या. मी लहानपणापासून त्या शपथांची वाट बघत आले होते, धाकटीच्या लग्नात त्या माझ्याच तोंडून निघाव्यात असंही ठरलं होतं. आता मी गुडघ्यावर बसून तिच्या चेहऱ्यावर उजेड पाडत होते आणि माझे दंड भरून आले होते. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर टोचत होता, ती मधूनच भुवया उंचवायची.

“मानसाकडं बघ,” फोटोवाला म्हणाला.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. नवरा शेजारी होता, आई मागं होती. समोर मीच होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी हळू, ओठ फारसे न हलवता म्हणाली, “आक्का, हात खाली यायलाय तुझा.”

त्याच क्षणी त्यानं फोटो काढला.

आठवड्यानं त्यानं तो फोटो दोन प्रकारे करून धाकटीच्या फोनवर पाठवला. एक जसा होता तसा. दुसरा साफ केलेला, गोरा. मी आणि आई कागलला गेलो होतो तेव्हा तिनं दोन्ही दाखवले. पहिल्यात गालांवर चट्टे होते, नाकावर साल होती, आणि ओठ काही तरी बोलताना थांबलेले. ती होती. दुसऱ्यात कुणीतरी होतं.

“कुठला लावू भिंतीला?” तिनं मला विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. ते पत्रकात छापून ट्रंकेत पडलं होतं. मी म्हणाले, “तुझा फोटो आहे, तू ठरव.”

“आता म्हणत्यास व्हय,” ती म्हणाली.

दिवाळीनंतर पुन्हा गेले तेव्हा भिंतीवर मोठी फ्रेम होती. खडूसारखा पांढरा चेहरा. खाली कोपऱ्यात, फोटोवाल्याच्या नजरेतून सुटलेली, पुठ्ठ्याची एक पांढरी कड आणि तिच्यावर माझी दोन बोटं. बोटांना त्यानं रंग लावला नव्हता. ती काळीच होती.

धाकटीचा चेहरा तोवर निवळला होता. डाव्या गालावर एक गडद डाग तेवढा राहिला होता. तिची नणंद चहा घेऊन आली, विशीची पोरगी, गाल गुलाबी. फ्रेमकडं बघून मला म्हणाली, “वहिनीचा फोटो लई भारी आलाय न्हवं? माझ्या लग्नात मला असाच पायजे.”

धाकटीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. “बघितलीस? तिच्या कपाटात बी तीच ट्यूब हाय.”

“मग सांग ना तिला.”

“काय सांगू? रोज सांगतो. म्हणत्या, वहिनी, मला तुझ्यागत व्हायचंय. माझ्यागत म्हंजे त्या भिंतीवरच्या बाईगत.” तिनं गॅस बारीक केला. “सासूबाई फ्रेम काढू द्यायच्या न्हाईत. आल्यागेल्याला दाखवत्यात.”

मी नणंदेशी बोलायला निघाले, दोन पावलं गेलेसुद्धा. धाकटीनं मागून पदर धरला. “तू तिच्या जवळ जाऊ नको. तू गेलीस की ती आजच फेकून देईल.”

मी थांबले.

“शुक्रवारी मी न्हेतो तिला राजारामपुरीला, डॉक्टरबाईंकडं. त्या सांगतील तसं सोडवायचं.” मग तिनं विचारलं, “तुझी ती पत्रकं हायत काय अजून?”

“ट्रंकेत आहेत. अर्ध्या घड्या तूच घातलेल्या.”

“आण. हितं लई पोरी लावत्यात. पण ती शेवटची ओळ खोड आन् आण. तिथं लिही, एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा.”

घरी येऊन मी गठ्ठा सोडला. पुन्हा छापू का, असं अण्णांनी विचारलं. नको म्हणाले. पेन घेतलं आणि एकेक पत्रक उघडून शेवटच्या ओळीवर रेघ मारायला बसले. खाली तिनं सांगितलेलं वाक्य लिहायचं, पुन्हा घडी घालायची, बांगडीनं दाबायची. आई येऊन समोर बसली आणि तीही उघडून द्यायला लागली. किती झाली कोण जाणे, आईनं एक पत्रक उजेडाकडं धरलं आणि म्हणाली, “अगं, खोडलेलं वाचायला येतंय की अजून.”

मी पेन दाबून दुसरी रेघ मारली. तरीही येत होतं.